युद्ध, गोदी आणि गँगस्टर : जेनिफर ईगनची 'मॅनहॅटन बीच'

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तेच तेच आलेलं थोडं काढलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

 

आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. नाव 'मॅनहॅटन बीच', लेखिका जेनिफर ईगन, अमेरिकन. २०१७ मध्ये आली आणि २०१८ मध्ये तिला अँड्र्यू कार्नेगी मेडल मिळालं. ईगनला त्याआधी २०११ मध्ये एका वेगळ्याच पुस्तकासाठी पुलित्झर मिळालं होतं. ते पुस्तक एकदम प्रयोगशील, त्यातलं एक आख्खं प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइड्समध्ये आहे. आम्हा आयटीवाल्यांना तर ते घरचंच वाटेल. 'मॅनहॅटन बीच' मात्र सरळ गोष्ट सांगते. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, शहर न्यूयॉर्क, आणि गोष्टीत एक मुलगी, तिचा गायब झालेला बाप आणि एक गँगस्टर.

शेवट फोडणार नाही. बाप कुठे गेला, त्याचं काय झालं, यातलं काहीच सांगणार नाही. पण या गोष्टीच्या मागे जी खरी दुनिया आहे, ती समजली तर कादंबरी दुप्पट मजा देते. म्हणून आधी खऱ्या इतिहासाकडे जाऊ.

१९४२ चं न्यूयॉर्क

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. आपल्या डोक्यात युद्ध म्हणजे युरोप, नाहीतर पॅसिफिकमधली बेटं. पण जानेवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्या थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन जहाजं बुडवायला लागल्या. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे तेव्हा चालूच होते. त्या उजेडापुढे जहाजाची काळी आकृती रात्रीसुद्धा स्वच्छ दिसायची. पाणबुडीच्या कॅप्टनला आणखी काय हवं?

त्यात ९ फेब्रुवारी १९४२ ला 'नॉर्मंडी' पेटली. ही फ्रेंच प्रवासी बोट, तिनशे मीटरपेक्षा लांब, त्या काळातल्या सगळ्यात देखण्या बोटींपैकी एक. अमेरिकेने ती ताब्यात घेतली होती आणि सैनिक नेण्यासाठी तिच्यात फेरफार चालू होते. मॅनहॅटनच्या धक्क्यावर, भर दुपारी, शहरातले लोक बघतायत आणि बोट जळतेय. आग विझवायला इतकं पाणी मारलं की ते वरच्या मजल्यांवर साचलं, बोट एका बाजूला कलत गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चक्क आडवी झाली.

चौकशीत कारण काय निघालं? कामगार लोखंड कापत होते, ठिणगी उडाली आणि शेजारी रचलेल्या लाइफ जॅकेटच्या ढिगाने पेट घेतला. त्या जॅकेटमध्ये कापोक भरलेला असायचा. कापोक म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद. गावाकडे सावरीच्या कापसाची उशी पाहिली असेल, तर तो किती झटकन पेट घेईल हे मी सांगायला नको.

थोडक्यात, हा अपघात होता. पण त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अपघातावर कोण विश्वास ठेवणार? सगळ्यांना वाटलं, शत्रूचे हस्तक गोदीत शिरलेत. नंतर काही गँगस्टरांच्या नावावरही हे काम खपवलं गेलं, 'आम्हीच पेटवली' अशा थाटाच्या कथा आल्या. चौकशी मात्र ठिणगीवरच थांबते.

नौदलाने कोणाचा दरवाजा ठोठावला

आता इथे खरी गंमत सुरू होते. गंमत म्हणजे, गंभीर गंमत.

नौदलाच्या गुप्तचर विभागाला गोदीत काय चाललंय ते कळेना. मच्छीमार बोटी लपूनछपून पाणबुड्यांना डिझेल पुरवतात का, धक्क्यावर कोणी घातपात करणारं आहे का, हे विचारायला साध्या कपड्यातला अधिकारी गेला की गोदी गप्प. कोणी काही बोलायचंच नाही. कारण गोदीवर सरकारचा नाही, टोळ्यांचा शब्द चालत होता.

मग नौदलाने टोळ्यांनाच गाठलं. सुरुवात फुल्टनच्या मासळी बाजारावर पकड असलेल्या जोसेफ 'सॉक्स' लान्झापासून झाली. पण लान्झाचा शब्द मासळी बाजारापुरता. सगळ्या गोदीत ज्याचा शब्द चालेल असा माणूस एकच होता, लकी लुसियानो, आणि तो होता तुरुंगात. वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यांत १९३६ मध्ये त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली होती. खटला चालवणारा सरकारी वकील होता थॉमस ड्युई. हे नाव लक्षात ठेवा.

लुसियानो कॅनडाच्या सीमेजवळच्या डॅनेमोरा नावाच्या थंडगार, आडबाजूच्या तुरुंगात होता. मे १९४२ मध्ये त्याला तिथून हलवून त्यामानाने सुसह्य अशा ग्रेट मेडो तुरुंगात आणलं. तिथे त्याला भेटायला त्याचा वकील आणि जुना साथीदार मायर लॅन्स्की यायला लागले. निरोप बाहेर जायला लागले. नौदलाच्या माणसांना युनियनची कार्डं मिळाली, बोटींवर, धक्क्यांवर शिरकाव मिळाला. पुढे जुलै १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीत उतरलं, त्याआधी तिथल्या किनाऱ्याची माहिती इटालियन स्थलांतरितांकडून गोळा करण्यातही याच ओळखी वापरल्या गेल्या. या सगळ्या भानगडीला नाव पडलं 'ऑपरेशन अंडरवर्ल्ड'.

आणि बिल? जानेवारी १९४६ मध्ये लुसियानोची शिक्षा माफ झाली, देश सोडून इटलीला जायच्या अटीवर. माफीवर सही कोणाची? तोपर्यंत न्यूयॉर्कचा गव्हर्नर झालेल्या थॉमस ड्युईची. ज्याने आत टाकला त्यानेच बाहेर सोडला. १९५४ मध्ये या प्रकरणाची अधिकृत चौकशी झाली, नौदलाने टोळ्यांची मदत घेतल्याचं तिच्यात स्पष्ट झालं, पण नौदलाच्या आग्रहामुळे तो अहवाल दाबून ठेवला गेला. लोकांसमोर ते सगळं यायला १९७७ उजाडलं.

यातून देशाला किती फायदा झाला यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर एक घटना बघा. जून १९४२ मध्ये चार जर्मन घातपाती खरोखर पाणबुडीतून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर उतरले. आणखी चार फ्लोरिडात उतरले. ते पकडले कोणी? टोळ्यांनी नाही. त्यांच्यातलाच एकजण स्वतःहून एफबीआयकडे गेला आणि सगळे सापडले. म्हणजे ज्या धोक्यासाठी हा सौदा केला, तो धोका आला तेव्हा सौद्याचा काहीच उपयोग झाला नाही.

टोळीची ताकद पिस्तुलात नसते

आपण गँगस्टर ओळखतो ते सिनेमातून. सूट, सिगार, स्लो मोशनमध्ये चालणं, मागे म्युझिक. त्यामुळे आपल्याला वाटतं की ताकद पिस्तुलात आहे. मी दिवसभर सर्व्हर आणि सिस्टिम सांभाळतो, त्यामुळे मला ही गोष्ट वेगळी दिसते. आमच्याकडे एक शब्द आहे, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. म्हणजे आख्ख्या सिस्टिममधली अशी एक जागा, जी बंद पडली की सगळं बंद. सगळी ट्रॅफिक एकाच पुलावरून जात असेल, तर शहर कोणाच्या हातात? पुलावर उभा राहणाऱ्याच्या.

न्यूयॉर्कची गोदी म्हणजे तो पूल.

तिथे काम कसं मिळायचं बघा. रोज सकाळी धक्क्यावर माणसं अर्धवर्तुळात उभी राहायची. मुकादम यायचा आणि बोट दाखवून माणसं उचलायचा. तू, तू, आणि तू. बाकीचे घरी. या पद्धतीला 'शेप-अप' म्हणायचे. काही धक्क्यांवर कानामागे टूथपिक खोचून उभं राहायची पद्धत होती. अर्थ असा की मला काम दे, मजुरीतला हिस्सा तुला देतो. काम नाही मिळालं तर सावकार तिथेच उभा असायचा, आणि तोही त्याच टोळीचा. माल घ्यायला आलेल्या ट्रकवाल्यांकडूनही माल चढवायचे म्हणून पैसे उकळायचे, मग खरंच चढवलेला असो वा नसो.

आता यात पिस्तूल किती वेळा काढावं लागलं? फार नाही. जहाज धक्क्याला उभं राहिलं की मालकाचे पैसे तासागणिक जातात. फळं, मासळी, मांस सडतं. त्यामुळे 'आज काम बंद' हे तीन शब्दच पुरेसे. आणि युद्धात तर त्याच धक्क्यावरून बंदुका, धान्य, औषधं युरोपला जायची. पुलाची किंमत एका रात्रीत दहापट झाली. नौदल लुसियानोकडे का गेलं, याचं उत्तर या व्यवस्थेत आहे. त्याच्या शौर्यात नाही.

ही व्यवस्था मोडली कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. १९५३ मध्ये न्यूयॉर्क बंदरासाठी वॉटरफ्रंट कमिशन आलं आणि शेप-अप बंद झाला. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने एका जहाजावर ५८ लोखंडी खोके चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. कंटेनर! मी नवी मुंबईत राहतो, जेएनपीटीचे कंटेनर रोज रस्त्यात आडवे येतात आणि रोज शिव्या घालतो. पण त्या खोक्याने शेकडो हातांचं काम एका क्रेनकडे दिलं आणि मुकादमाच्या बोटाची किंमत उतरवली. हमालांचं कामही त्यानेच खाल्लं, हेही विसरू नका.

आता कादंबरी

गोष्ट सुरू होते १९३४ मध्ये. मंदीचे दिवस. अ‍ॅना केरिगन, बारा वर्षांची होत आलेली मुलगी, बापाबरोबर ब्रुकलिनच्या मॅनहॅटन बीच भागात एका श्रीमंत माणसाच्या घरी जाते. तो माणूस म्हणजे डेक्स्टर स्टाइल्स, नाइट क्लबांचा मालक आणि मिस्टर क्यू नावाच्या डॉनचा माणूस. बापाचं नाव एडी. एडी काय करतो? गोदीच्या युनियनमधल्या लहानपणीच्या एका ओळखीच्या माणसासाठी पैशांच्या पिशव्या पोचवतो. कोणाला मारत नाही, धमकावत नाही. फक्त पिशवी इकडून तिकडे.

आणि एडीला जास्त पैसे का हवेत? त्याची धाकटी मुलगी लिडिया चालू शकत नाही, बोलू शकत नाही. तिला खास बनवलेली खुर्ची हवी आहे, तीही मंदीत. त्यासाठी तो स्टाइल्सच्या दारात गेलाय.

मला ईगनचं हेच आवडलं. वाईट माणूस वाईट होताना दाखवणं सोपं आहे. ती एक बाप दाखवते, ज्याच्याकडे घ्यायला तेवढा एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर मुकादम उभा आहे. एडी पापी आहे की बिचारा, हे मी दोनशे पानं ठरवत होतो. तुम्हीही ठरवा आणि मला कळवा.

मग एडी गायब होतो. आणि आपण थेट १९४२ मध्ये येतो. अ‍ॅना एकोणीस वर्षांची, ब्रुकलिन नेव्ही यार्डमध्ये कामाला. हे ठिकाण खरं आहे. युद्धाच्या ऐन भरात तिथे सुमारे ७० हजार माणसं पाळ्यांमध्ये चोवीस तास काम करायची. जिच्यावर १९४५ मध्ये जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली, ती 'मिसूरी' युद्धनौका इथेच बांधलेली. अ‍ॅनाचं काम काय, तर तासन्‌तास मायक्रोमीटरने छोटे छोटे पार्ट मोजायचे. त्यातला कंटाळा ईगनने असा लिहिलाय की टेस्टिंग टीमच्या लोकांना आपलीच डायरी वाटेल.

एक दिवस तिला पाणबुडे दिसतात. जहाजाच्या पोटाखाली जाऊन दुरुस्ती करणारे. आणि तिला तेच करायचं असतं. त्या काळच्या पाणबुड्याचा पोशाख म्हणजे तांब्या-पितळेचं हेल्मेट, छातीवर आणि बुटांना वजनं, सगळं मिळून जवळजवळ ९० किलो. वरचा अधिकारी तिला हाकलून द्यायला टपलेला. तो तिला हा अवजड पोशाख घालायला लावतो आणि हातात जाड हातमोजे असताना दोरीची गाठ सोडायला सांगतो. आख्ख्या पुस्तकात मी श्वास रोखला तो इथे. गोळीबाराच्या प्रसंगात नाही, एक मुलगी गाठ सोडते त्या प्रसंगात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अ‍ॅना काल्पनिक आहे. अमेरिकन नौदलात पहिली स्त्री पाणबुडी तयार झाली ती १९७५ मध्ये, डोना टोबायस. म्हणजे ईगनने तीसेक वर्षं आधीच अ‍ॅनाला पाण्यात उतरवलंय. कोणी म्हणेल ही इतिहासाशी फसवणूक. मला तसं वाटत नाही. यंत्रावर बसायला बायका चालतात, कारण पुरुष लढायला गेलेत. पण ही मोकळीक किती खोलवर जाते आणि कुठे थांबते, हे अ‍ॅनाला पाण्यात उतरवल्यामुळेच दिसतं.

आणि डेक्स्टर स्टाइल्स. तो लुसियानो नाही, या कादंबरीची गोष्टही लुसियानोची नाही. स्टाइल्स म्हणजे दोन दरवाज्यांच्या मधे अडकलेला माणूस. मागे टोळी, पुढे त्याचं सासर, जुनं श्रीमंत, बँकेवालं घराणं. युद्ध आल्यावर त्याला वाटतं, आता आपणही देशासाठी काही करावं, पैसा स्वच्छ करावा, इज्जतदार व्हावं. आणि तेव्हा त्याला कळायला लागतं की सासऱ्याची दुनिया आणि मिस्टर क्यूची दुनिया तितकीशी वेगळी नाही. दोन्हीकडे मोजकी माणसं बसून हजारोंचं भविष्य ठरवतात. एकाकडे कायदा आहे, एवढाच फरक.

सरकार लुसियानोशी हातमिळवणी करू शकतं, मग स्टाइल्ससारख्याने देशभक्त व्हायचं म्हटलं तर हसायचं का? आणि हसायचं नाही म्हटलं, तर कानामागे टूथपिक लावून उभ्या असलेल्या माणसाने काय समजायचं? युद्धाच्या नावाखाली माफी मिळते ती वरच्यांना. त्या हमालाचा हिस्सा कोणी परत केला नाही.

काय खटकलं

सगळं गोड गोड बोलणार नाही. मधला भाग लांबलाय. ईगनने भरपूर अभ्यास केलाय आणि तो काही ठिकाणी दिसतो. दिसायला नको होता. योगायोगही जास्त आहेत. एवढ्या मोठ्या शहरात हीच माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांना कशी भेटतात, असं दोन-तीनदा वाटतं. थ्रिलर म्हणून उचललंत तर शंभराव्या पानाला ठेवून द्याल. समुद्रावरची प्रकरणं मात्र सोडू नका.

आणि आपली गोदी

हे सगळं वाचताना मुंबई डोक्यात येणारच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' जहाज. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गाठी. तिकडे सावरीचा कापूस पेटला, इकडे आपला. स्फोटांत शेकडो माणसं गेली, गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. इथेही आधी घातपाताची अफवा, इथेही बातमीवर सेन्सॉरचा पडदा. आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच दिवसाच्या आठवणीत.

मुकादमाच्या बोटावर रोजी ठरायची, हेही इथे वेगळं नव्हतं. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला तो त्यासाठीच. आणि पुढे ज्याच्यावर सिनेमे निघाले तो हाजी मस्तान याच गोदीत हमाल होता. त्याच्यावरचे सिनेमे आपण पाहिले. त्याच्या शेजारी ओझं उचलणाऱ्या आणि शेवटपर्यंत हमालच राहिलेल्या माणसावर सिनेमा नाही. रत्नागिरीकडचे, गोव्याकडचे खलाशी त्याच युद्धात ब्रिटिश जहाजांवर होते, टॉर्पेडो त्यांनाही लागले. त्यांच्यावर मराठीत एखादी जाडजूड, 'मॅनहॅटन बीच'सारखी कादंबरी कोणी लिहिली, तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात असा पणजोबा असेल, त्याची पत्रं, कागद, जहाजावरची पुस्तिका ट्रंकेत पडली असेल, तर ती रद्दीत देऊ नका. फोनवर फोटो तरी काढून ठेवा. आजी-आजोबा असतील तर आत्ताच विचारून घ्या.

पुस्तक इंग्रजीत आहे, भाषा फार अवघड नाही. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर ऑडिओबुक आहे, वेग थोडा कमी करून ऐका. वाचलंत की सांगा, एडी तुम्हाला कसा वाटला. शेवट मात्र कोणी लिहू नका हां, बाकीच्यांची मजा जाईल.

चला, आज इथेच थांबतो. हा भाग आवडला तर ज्या मित्राला गँगस्टरचे सिनेमे पाठ आहेत, त्याला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि चालत्या लोकलमध्ये दरवाज्यात उभं राहून ऐकू नका.